गावात पुरलेला वैमानिक गावाजवळच पडला होता का?

प्रश्न थोडक्यात असा. यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने विचारलं आहे: आमच्या चर्चच्या आवारात पांढऱ्या दगडाची एकच युद्धकबर आहे. सार्जंट, वय २०, जून १९४३. गावात सांगतात की पोरगा आईला हात करायला विमान घरावरून खाली घेऊन आला आणि तिथेच पडला. नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनासाठी मुलीला शाळेत यावर फलक करायचा आहे. हे खरं आहे का? आणि नेमकं काय झालं ते कुठे सापडेल?

आधी एक गाठ सोडवू. कबर गावात आहे म्हणजे अपघात गावाजवळ झाला, असं अजिबात नाही. ब्रिटनच्या भूमीवर मेलेल्या सैनिकाचं शव घरी नेण्याची मुभा कुटुंबाला होती. स्कॉटलंडच्या डोंगरात पडलेला मुलगा शवपेटीतून रेल्वेने यॉर्कशायरला यायचा आणि आजोबांच्या शेजारी पुरला जायचा. परदेशात मेलेल्यांना ही सोय नव्हती, ते जिथे पडले तिथेच राहिले. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६००हून अधिक कबरी आहेत, त्यात ब्रिटिश हवाई दलाचीही पोरं आहेत. त्यांच्या गावी त्यांच्या नावाचा दगड असला तरी खाली कोणी नाही. उलट ब्रिटनमध्ये अपघातात गेलेल्या कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन मुलांना न्यायला घरचं कोणी नव्हतं. त्यांना हवाई दलासाठी राखलेल्या भागांत पुरलं. तुमच्याजवळचं उदाहरण हॅरोगेटचं स्टोनफॉल स्मशान. तिथे जवळपास एक हजार कबरी आहेत, बहुतेक वैमानिकांच्या आणि त्यांतही कॅनेडियन खूप.

म्हणून ब्रिटनमधल्या खेड्यात एकटी पांढरी कबर दिसली की ती जर्मनीवर मारल्या गेलेल्याची असण्यापेक्षा ब्रिटनमध्येच, म्हणजे बहुधा प्रशिक्षणात किंवा परतताना, गेलेल्याची असण्याची शक्यता जास्त. बाँबर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबफेकी शाखेचे, ५५,५७३ जण मेले. त्यातले सुमारे आठ हजार शत्रूच्या गोळीने नव्हे, तर अपघातांत गेले. बरेचसे शिकून तयार होण्याआधीच.

आता कागद. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक कागद पुढच्याची किल्ली देतो.

दगडावरून चार गोष्टी उतरवून घ्या: सेवाक्रमांक (डावीकडे वर), हुद्दा, काम आणि तारीख. काम म्हणजे पायलट, नेव्हिगेटर, एअर गनर, किंवा वायरलेस ऑपरेटर-कम-एअर गनर असं जे कोरलेलं असेल ते. इथेच गावकथेला पहिला चाप बसतो. दगडावर 'एअर गनर' असेल, तर विमान कुठे न्यायचं हे त्याच्या हातातच नव्हतं. सार्जंट या हुद्द्यावरून फार काही ठरवू नका. १९४० पासून उड्डाण करणाऱ्या प्रत्येकाला किमान सार्जंट करत, त्यामुळे वीस वर्षांचा सार्जंट ही नेहमीची गोष्ट होती. मग राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या मोफत शोधयादीत नाव टाका. तिथे वय, बऱ्याचदा तुकडी, आणि 'अमुक यांचा मुलगा, अमुक गावचा' हे मिळतं. हा शेवटचा मजकूर कुटुंबाने युद्धानंतर फॉर्म भरून पाठवला असेल तरच असतो. नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की फॉर्म परत आला नाही.

दुसरा कागद बहुतेक जण विसरतात, आणि तोच सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त सांगतो: मृत्यूचा साधा दाखला. ब्रिटनच्या जमिनीवर झालेला मृत्यू, मग तो सैनिकाचा असला तरी, स्थानिक निबंधकाकडे नोंदला जात असे. इंग्लंड-वेल्सच्या तिमाही सूचीत नाव आणि वय शोधा. नावापुढे नोंदणी जिल्हा असतो. तो जिल्हा तुमच्या गावाचा नसेल, तर घरावरून उडण्याची कथा बहुतेक तिथेच संपली. असेल, तर दाखला मागवा. त्यात ठिकाण शेताच्या किंवा वाडीच्या नावानिशी येतं. कारणाच्या रकान्यात 'अनेक जखमा, युद्धकार्यामुळे' असं ठरीव वाक्य आढळतं. त्यातून काही उकलायला जाऊ नका.

तिसरं, विमानाचा क्रमांक. दोन इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे, उदाहरणार्थ एडी २९१, किंवा थोड्या जुन्या विमानांवर एक अक्षर आणि चार आकडे. शत्रूला विमानांची खरी संख्या कळू नये म्हणून मधले गट मुद्दाम गाळलेले असत, त्यामुळे क्रमांक सलग नाहीत. हा क्रमांक मिळाला की माणूस सोडून विमानाच्या मागावर जाता येतं, आणि विमानांची कागदपत्रं बरी टिकली आहेत. क्रमांक मिळण्याची जागा म्हणजे तुकडीची दैनंदिन नोंदवही. ती लंडनजवळ कियू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे: स्क्वाड्रन असेल तर 'एअर २७' या मालिकेत, प्रशिक्षण शाळा किंवा ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट (लढाईआधीचं शेवटचं शिक्षण देणारी तुकडी) असेल तर 'एअर २९' मध्ये, विमानतळाची स्वतःची वही 'एअर २८' मध्ये. लोक २७ मध्ये शोधतात, सापडत नाही म्हणून सोडून देतात. शिकाऊ पोरांच्या तुकड्या २९ मध्ये असतात. त्यातली नोंद कोरडी असते, कधी कधी मेलेल्यांची नावंही नसतात. 'वेलिंग्टन (हे दोन इंजिनांचं बाँबर) अमुक, रात्रीच्या दिशादर्शन सरावात, अमुक गावाजवळ कोसळलं, सर्व ठार.' पण तारीख, वेळ आणि क्रमांक मिळाला की पुरे.

त्याच अभिलेखागारात 'एअर ८१' ही मालिका मागा. हवाई मंत्रालयाच्या हताहत शाखेच्या या फायली आहेत, एकेका घटनेची एकेक, आणि त्या तारखेच्या क्रमाने हळूहळू खुल्या होत आहेत. सूचीतल्या वर्णनातच आडनावं आणि विमान क्रमांक दिलेले असतात, त्यामुळे घरबसल्या शोधता येतं. आत तारा, तुकडीप्रमुखाचा अहवाल, अंत्यविधीचा पत्रव्यवहार, आणि काही वेळा आईचं पत्र: मुलाचं घड्याळ परत का आलं नाही, असं विचारणारं. घरात जुनी पत्रं असतील तर त्यांच्या माथ्यावरचा 'पी ४' ने सुरू होणारा संदर्भ बघा. तो याच शाखेचा.

आता मुख्य कागद: फॉर्म ११८०, अपघातपत्र. एका अपघाताला एक पुठ्ठ्याचं कार्ड, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्याच्या प्रती लंडनच्या हेंडन इथल्या हवाई दल संग्रहालयात पाहता येतात. कार्डं माणसाच्या नावाने नाही, विमानाच्या प्रकाराने आणि तारखेने लावलेली आहेत, म्हणूनच वरचा खटाटोप आधी. कार्डावर वेळ, जागा, कामाचा प्रकार, वैमानिकाचे एकूण तास, त्या प्रकारच्या विमानावरचे तास, रात्रीचे तास, आणि कारणाचे सांकेतिक आकडे असतात. तळाशी दोन-तीन ओळींचा शेरा. अक्षर घाईचं, लघुरूपं भरमसाट.

या कार्डाच्या जोडीला फॉर्म ७८ असतो, विमानाचं हालचालपत्र. कुठल्या तुकडीत कधी गेलं, केव्हा दुरुस्तीला लागलं, कधी पटावरून उतरवलं. शेवटच्या नोंदीत 'एफए' असेल तर उड्डाणातला अपघात, 'एफबी' असेल तर लढाई, 'जीए' असेल तर जमिनीवरचा अपघात. पुढे 'ई' म्हणजे दुरुस्तीपलीकडे. गावातला कोणी 'जर्मन विमानाने पाडलं' असं सांगत असेल, तर त्याचा निकाल या दोन अक्षरांत लागतो. तरी एक सावधगिरी: परतीच्या वाटेवर गोळ्यांनी चाळण झालेलं विमान धावपट्टीजवळ पडलं, तर ते कुठल्या रकान्यात जाईल हे लिहिणाऱ्या कारकुनावरही असायचं.

चौकशीचे संपूर्ण कागद मिळतील अशी आशा धरू नका. अपघाताचे सविस्तर अहवाल बहुतांश नष्ट झाले. अपघात चौकशी शाखेने हाती घेतलेल्या मोजक्या प्रकरणांचे अहवाल त्याच अभिलेखागाराच्या 'एव्हिया ५' मालिकेत आहेत. ते विमानात काही मोडलं-तुटल्याचा संशय असेल तेव्हाचे. वैमानिकाचं लॉगबुक मृत्यूनंतर स्लाऊजवळच्या कोलब्रूकच्या भांडारात जाई, तिथून घरी. ज्यांनी मागितलं नाही त्यांची बहुतेक पुस्तकं पुढे फाडून टाकली गेली. घराण्यात चौकशी करायची असेल तर माळ्यावरची पेटी आधी, अभिलेखागार नंतर.

आता कार्ड हातात आलं असं धरू. शेऱ्यात लिहिलंय 'वैमानिकाची चूक' किंवा 'अंदाज चुकला'. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. 'उड्डाण अपघात' हे जसं कारण नव्हे, नुसता रकाना आहे, तसंच 'वैमानिकाची चूक' हाही रकाना आहे. यंत्र मोडल्याचा पुरावा नसेल आणि सांगायला कोणी उरलं नसेल, तर कार्ड तिथेच येऊन थांबतं. म्हणून शेरा वाचण्याआधी तासांचे आकडे वाचा. समजा एकूण तास १९०, त्या विमानावर ११, रात्रीचे त्या विमानावर ३. मग शेरा काहीही असो, खरी बातमी त्या तिनात आहे. कॅनडाच्या किंवा दक्षिण आफ्रिकेच्या उजळ आकाशाखाली, दिवे लागलेल्या शहरांवरून शिकून आलेल्या पोराला ब्रिटनच्या ढगांत, पूर्ण काळोखात, दुसऱ्यांनी वापरून झिजलेल्या बाँबरमध्ये बसवलं जाई. ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटातली वेलिंग्टनं पुष्कळदा लढाऊ तुकड्यांनी टाकून दिलेली असत.

अशा युनिटात अपघात कसे होत, ते ठिकाणावरून ओळखता येतं. कोसळण्याची जागा नकाशावर मांडा आणि तळापासूनचं अंतर मोजा.

तळापासून मैलाच्या आत, धावपट्टीच्या सरळ रेषेत, रात्री: उड्डाण घेतल्याबरोबरचा अपघात. यात एक फसवा प्रकार आहे. काळोखात वेग वाढताना कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय त्या धक्क्याला 'नाक वर चाललंय' असं समजतं. बाहेर क्षितिज नाही, उपकरणांवर विसंबण्याची सवय नाही, आणि हात आपोआप दांडी पुढे ढकलतो. इंजिनं पूर्ण जोरात चालू असलेलं, काही न बिघडलेलं विमान सरळ शेतात शिरतं. १९४० च्या दशकातच यावर अभ्यास झाला, पण त्याआधी भरलेल्या कार्डांवर हे कारण सापडणार नाही. तिथे 'अंदाज चुकला' असतं.

तळाजवळच, पण रेषेच्या बाजूला: इंजिन बंद पडून परत वळायचा प्रयत्न. उंची कमी, वेग कमी, वळणात आतला पंख आधी दगा देतो आणि विमान गिरकी घेतं. नियम होता की सरळ समोर उतरा, झाडं असली तरी. विशीतल्या मुलाला समोर झाडं आणि मागे ओळखीची धावपट्टी दिसत असताना हा नियम पाळणं जड जायचं. जुन्या वेलिंग्टनमध्ये बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा, त्याची पाती वाऱ्याच्या धारेत वळवून, थांबवून ठेवायची सोय नव्हती. तो वाऱ्याने फिरत राहून ब्रेकसारखा ओढायचा, आणि एका इंजिनावर उंची टिकत नसे. हॅलिफॅक्स या चार इंजिनांच्या बाँबरच्या पहिल्या नमुन्यांत वेगळीच खोड. मागच्या त्रिकोणी उभ्या पंखांमुळे कमी वेगात सुकाणू एका बाजूला जाऊन अडकायचं, आणि वैमानिकाच्या पायात ते परत आणण्याइतकी ताकद नसे. पुढे मोठे चौकोनी पंख बसवले तेव्हा ते गेलं. तुमच्या कार्डावर हॅलिफॅक्स असेल तर नमुना क्रमांक आणि तारीख जरूर बघा.

तळापासून वीस-पन्नास मैलांवर, उंच माळावर: दिशादर्शनाचा अपघात. वाऱ्याचा अंदाज ताशी ३० मैलांनी चुकला तर तासाभरात विमान ३० मैल भलतीकडे असतं. आपण कुठे आहोत बघायला ढगाखाली उतरायचं, आणि तिथे नॉर्थ यॉर्क मूर्स किंवा पीक डिस्ट्रिक्टचा डोंगर उभा. त्यात उंचीमापकाची मेख. निघताना तो तळाच्या हवेच्या दाबावर शून्य करत. दाब एक मिलिबार उतरला की यंत्र सुमारे ३० फूट जास्त दाखवतं. कमी दाबाच्या पट्ट्याकडे उडताना दाब दहा मिलिबारने घसरला, तर काट्यावरच्या उंचीतले ३०० फूट खोटे. शिवाय काट्यावरची उंची तळापासूनची असते, डोंगरमाथ्यापासूनची नव्हे. पीकमधला किंडर स्काउट ६३६ मीटरचा आहे, म्हणजे सुमारे २,१०० फूट. दोन हजार दाखवणारा काटा तिथे कुणाला वाचवत नाही.

आणि घरावरून खाली उडणं? हे घडत असे, नाकारण्यात अर्थ नाही. परवानगीशिवाय खाली उडण्यावर शिक्षा होती, तरी पोरं प्रेयसीच्या, आईच्या घरावर फेरी मारून जात. मरण्याचं कारण मात्र धाडसापेक्षा साधं गणित असतं. खाली घराकडे बघत घट्ट वळायचं, तर विमान ६० अंश कलतं. त्या कलण्यात पंखांवर दुप्पट भार येतो आणि हवा पंख सोडण्याचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ७० मैलांवर दगा देणारं विमान आता ९९ वरच देतं. लक्ष वेगमापकावर नसतं, अंगणात असतं. शे-दोनशे फुटांवरून सावरायला जागा उरत नाही. नाहीतर विजेच्या तारा. अशा प्रकरणात कार्डावर 'विनापरवाना खाली उड्डाण' स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण ती शिस्तीची बाब. घरच्यांना मात्र 'उड्डाण अपघात' एवढंच कळवलं गेलेलं असू शकतं.

तेव्हा गावकथेला उभं राहायला या गोष्टी एकत्र लागतील: मृत्यूचा जिल्हा तुमचाच, दगडावर पायलट, एक-दोन माणसांचं किंवा त्याच्याच ताब्यातलं विमान, दिवसाउजेडी वेळ, आणि कार्डावर खाली उडण्याचा शेरा. पाच-सहा जणांचं वेलिंग्टन मध्यरात्री पडलं असेल तर आईला हात करण्याचा प्रश्नच येत नाही. वेळ तपासताना एक खड्डा टाळा. युद्धात १९४१ पासून ब्रिटनची घड्याळं उन्हाळ्यात ग्रिनिचच्या दोन तास पुढे होती. जूनअखेर यॉर्कशायरमध्ये सूर्य घड्याळाप्रमाणे रात्री साडेदहानंतर मावळायचा. म्हणजे 'रात्री दहाला' पडलेलं विमान लख्ख उजेडात पडलं, आणि 'काळोखात आवाज ऐकला' म्हणणाऱ्याची आठवण दुसऱ्याच रात्रीची असू शकते. काही लष्करी नोंदी ग्रिनिच वेळेत असतात, ते आधी ठरवा. त्या दिवसाचे हवामान अहवाल ब्रिटिश हवामान खात्याने खुले केले आहेत, त्यांत ढगाची उंची आणि दाबाचा नकाशा मिळतो. जुन्या स्थानिक वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी, फोटो, शाळेचं नाव मिळेल, अपघाताची जागा सहसा नाही, कारण सेन्सॉर.

सगळे कागद जुळले की चित्र किती बारीक होऊ शकतं, याचं एक बहुश्रुत उदाहरण. जॉन गिलेस्पी मॅगी, वय १९, जन्म शांघायचा, वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्रज, दल कॅनडाचं. लिंकनशायरमधल्या वेलिंगोर तळावरची ४१२ स्क्वाड्रन. ११ डिसेंबर १९४१, सकाळी साडेअकराच्या सुमारास त्याचं स्पिटफायर, तेच एडी २९१, साथीदारांसह ढगातल्या एका फटीतून खाली उतरत होतं. ढगाखाली क्रॅनवेलच्या तळावरून निघालेलं ऑक्सफर्ड जातीचं प्रशिक्षण विमान होतं, आणि ते चालवणारा शिकाऊ अर्नेस्ट ग्रिफिन हाही १९ वर्षांचा. सुमारे १,४०० फुटांवर टक्कर झाली. एका शेतकऱ्याने पाहिलं की स्पिटफायरचा वैमानिक डोक्यावरचं काचेचं झाकण मागे ढकलायला धडपडत होता, मग उभा राहिला, उडी मारली, पण जमीन इतकी जवळ होती की पॅराशूट उघडलं नाही. हिशेब करून बघा. मोकळ्या पडणाऱ्या वस्तूला १,४०० फूट उतरायला नऊ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात प्राणवायूची नळी आणि रेडिओची वायर सोडवायची, पट्ट्यांची खीळ काढायची, झाकण सरकवायचं, उभं राहायचं, बाहेर पडायचं, दोरी ओढायची, आणि कापड भरायला आणखी काहीशे फूट. दोघेही वाचले नाहीत. मॅगीची कबर आपल्या तळापासून थोड्याच मैलांवर, स्कॉपविकला आहे. पृथ्वीच्या पकडीतून सुटून उडण्यावर त्याने तीनच महिन्यांपूर्वी लिहिलेल्या कवितेच्या ओळी दगडावर कोरल्या आहेत. लोक त्या वाचायला जातात. ग्रिफिनचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

कोसळण्याची जागा सापडली तर तिथे पोरांना घेऊन मेटल डिटेक्टर फिरवू नका. १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याने ब्रिटनमधलं कुठलंही कोसळलेलं लष्करी विमान आपोआप संरक्षित आहे. खणायला संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि मानवी अवशेष किंवा जिवंत दारूगोळा असण्याची शक्यता असेल तर तो मिळत नाही. शेतमालकाने हो म्हटलं तरी चालत नाही. बघून, फोटो काढून या.

कोणी आपल्याकडच्या, म्हणजे भारतीय हवाई दलातल्या नातेवाइकाचा असाच शोध घेत असेल तर नुसती कबर शोधत बसू नका. ज्यांचं दहन झालं त्यांतल्या अनेकांची नावं दिल्ली-कराची १९३९-१९४५ स्मारकाच्या यादीत आहेत. अविभाजित भारताच्या २५,०००हून अधिक सैनिकांची ती यादी त्याच आयोगाच्या शोधपानावर मिळते. तिथून तुकडी कळली की पुढचा रस्ता वरचाच.

फलकावर काय लिहायचं: विमानाचा प्रकार आणि क्रमांक, तुकडी, कामाचा प्रकार, वेळ आणि ती कुठल्या घड्याळाची, जागा, हवामान, तास. 'वैमानिकाची चूक' हे शब्द लिहायचेच असतील तर तासांच्या आकड्याशेजारी लिहा. आणि विमानात बरोबर असलेल्या सगळ्यांची नावं, त्यांच्या गावांसह. ती आयोगाच्या यादीत तारीख आणि तुकडी टाकून शोधता येतात. त्या गावांच्या चर्चांना दोन ओळींचं पत्र टाका. त्यांच्याकडेही बहुधा एकच पांढरा दगड असेल, आणि तिथेही पोरगा आईच्या घरावरून उडाला होता असं सांगत असतील.